पाथे: एकच कंपनी की एका नावाच्या अनेक कंपन्या?

अनघा (गिरगाव)

नमस्कार. आमच्या भागातील वाचनालयात मुंबईतील मूकपटांच्या काळावर एक छोटी व्याख्यानमाला होणार असून, परदेशी चित्रपट कंपन्यांविषयीची टिपणे काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. दादासाहेब फाळक्यांच्या आधीच्या दशकाविषयी वाचताना पाथे या फ्रेंच कंपनीचे नाव पुन्हा पुन्हा भेटते. १९०७ मध्ये या कंपनीने भारतात आपले कार्यालय उघडले होते, आणि त्या काळी जगभरच्या पडद्यांवर तिच्याइतका माल दुसऱ्या कोणाचाच जात नव्हता, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

माझा गोंधळ पुढच्या काळाविषयी आहे. यूट्यूबवर ‘ब्रिटिश पाथे’ या नावाने स्वातंत्र्यपूर्व भारताची असंख्य वृत्तचित्रे पाहायला मिळतात आणि त्यांच्या आरंभी आरवणारा कोंबडा असतो. अमेरिकी मूकपटांच्या इतिहासातही याच नावाची आणि याच कोंबड्याची एक कंपनी आहे. आपल्या मुंबईत चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिलिअनेअर’चे ब्रिटन आणि फ्रान्समधील वितरण २००८ च्या सुमारास पाथेनेच केले होते. या सगळ्या एकाच कंपनीच्या शाखा मानायच्या का?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पहिल्या महायुद्धामुळे फ्रेंच चित्रपट मागे पडला आणि हॉलीवूड पुढे गेले, असे एका वाक्याचे स्पष्टीकरण सगळीकडे दिलेले असते. एवढी बलाढ्य कंपनी केवळ चार वर्षांच्या युद्धाने मागे पडावी, हे मला पटत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

श्रीधर (परळ)

अनघाताई, तुमची शंका रास्त आहे. युद्ध हे कारण खरे असले तरी ते शेवटचे कारण आहे, पहिले नव्हे. त्यासाठी ही कंपनी वाढली कशी ते आधी पाहावे लागेल.

शार्ल पाथे (१८६३–१९५७) हा पॅरिसजवळच्या व्हँसेन येथे डुकराच्या मांसाचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातला मुलगा. १८९४ मध्ये एका जत्रेत त्याने एडिसनचा फोनोग्राफ पाहिला, एक यंत्र विकत घेतले आणि पैसे घेऊन लोकांना ते ऐकवण्याचा धंदा सुरू केला. त्यातून फोनोग्राफची विक्री, मग एडिसनच्या किनेटोस्कोपच्या (एका वेळी एकाच माणसाने आत डोकावून हलती चित्रे पाहण्याच्या यंत्राच्या) लंडनहून आणलेल्या नकला, आणि पुढे ऑन्री जोली या तंत्रज्ञाच्या साहाय्याने स्वतःचा कॅमेरा, अशी त्याची वाटचाल झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये त्याने भावांसह ‘पाथे बंधू’ ही पेढी स्थापन केली. त्यांपैकी शार्ल आणि एमिल हे दोघेच पुढे धंद्यात राहिले. १८९७ च्या अखेरीस उद्योगपतींच्या एका गटाने दहा लाख फ्रँकांचे भांडवल घालून तिचे मोठ्या कंपनीत रूपांतर केले. एमिलकडे ध्वनियंत्रे आणि शार्लकडे चित्रपट अशी वाटणी होती, आणि सुरुवातीची काही वर्षे खरा नफा ध्वनियंत्रांतून येत होता. त्याच वेळी चित्रपटाचे आद्य प्रवर्तक असलेले फ्रेंच ल्युमिएर बंधू या धंद्यातून हळूहळू अंग काढून घेत होते, आणि १९०२ मध्ये त्यांची पेटंटे पाथेनेच विकत घेतली.

यानंतर जे घडले ते मला चित्रपटाच्या इतिहासातील अत्यंत विलक्षण प्रकरण वाटते. फेर्दिनां झेक्का या दिग्दर्शकाच्या देखरेखीखाली व्हँसेन आणि मोंत्रय येथील स्टुडिओंतून चित्रपट कारखान्यातल्या मालासारखे नियमित बाहेर पडू लागले. कॅमेरे, प्रोजेक्टर, फिल्म धुण्याची प्रयोगशाळा, प्रती काढण्याची यंत्रे हे सारे एकाच छताखाली होते. पाथेचा लाकडी, चामडे चढवलेला, मागच्या बाजूला हँडल असलेला कॅमेरा इतका भरवशाचा होता की अमेरिकी दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा छायालेखक बिली बिट्झर याने १९१५ चा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ त्यावरच चित्रित केला. रंगांचेही तसेच. प्रत्येक रंगासाठी फिल्मच्या एकेका चौकटीत हव्या त्या जागा कापून साचा बनवायचा आणि त्यातून छापील प्रतीवर रंग चढवायचा, हे विलक्षण चिकाटीचे काम व्हँसेनच्या कारखान्यात स्त्रिया करीत. त्या प्रती आज पाहताना रंगांची स्वच्छता पाहून मन भरून येते, आणि ते काम करणाऱ्या हातांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत याची खंतही वाटते.

कोंबड्याचे मूळही याच काळातले. त्या दिवसांत चित्रपटाची प्रत विकत घेऊन तिच्यावरून चोरून नव्या प्रती काढण्याचा धंदा जोरात होता. त्याला आळा घालण्यासाठी पाथे आपले बोधचिन्ह शीर्षकपट्ट्यांवर छापी, आणि पुष्कळदा दृश्यामागच्या नेपथ्यावरही लावी.

आता मुख्य मुद्दा. १९०७ पर्यंत चित्रपट मीटरवर, म्हणजे फिल्मच्या लांबीच्या हिशेबाने, विकला जात असे. खेळ करणारा माणूस प्रत विकत घेई आणि ती झिजून फाटेपर्यंत चालवी. याचे परिणाम दोन होत. एकाच गावात तोच प्रेक्षक तोच चित्रपट किती वेळा पाहणार, म्हणून खेळ करणाऱ्याला सतत नव्या गावी जावे लागे. आणि निर्मात्याच्या हाती प्रतीची किंमत एकदाच येई, मग त्या चित्रपटाने पुढे कितीही गल्ला जमवला तरी त्याचा वाटा निर्मात्याला मिळत नसे. १९०७ मध्ये पाथेने जाहीर केले की यापुढे आपण फ्रान्समध्ये चित्रपट विकणार नाही, केवळ भाड्याने देऊ. त्यासाठी प्रदेशवार कंपन्या नेमण्यात आल्या आणि चित्रपटगृहांना त्यांच्याकडूनच आठवड्याचा कार्यक्रम घेणे भाग पडू लागले. स्थिर चित्रपटगृह, दर आठवड्याला बदलणारा कार्यक्रम, आणि मध्ये वितरक: आज आपण ज्याला चित्रपट व्यवसाय म्हणतो त्याचा सांगाडा या निर्णयाने पक्का झाला. शार्ल पाथेने असंख्य चित्रपट काढले, पण माझ्या मते त्याची सर्वांत टिकाऊ निर्मिती हा निर्णय आहे.

मेधा (विलेपार्ले)

श्रीधररावांनी वितरणाचा मुद्दा मांडला आहे तेथूनच पुढे जाते, कारण पाथेच्या पीछेहाटीचे मूळ मला त्याच ठिकाणी दिसते.

चित्रपट भाड्याने देण्याची पद्धत एकदा रूढ झाली की, ज्याच्याकडे सर्वाधिक चित्रपटगृहे असलेली घरची बाजारपेठ आहे आणि तिच्यातले वितरणही आहे, त्याचेच पारडे जड होणार. निर्मितीचा संपूर्ण खर्च घरीच वसूल झाला, तर बाहेरच्या देशांत चित्रपट कितीही कमी दराने देता येतो. फ्रान्सची घरची बाजारपेठ लहान होती. पाथेचा नफा परदेशांवर, विशेषतः अमेरिकेवर अवलंबून होता, आणि नेमके तेथेच तिला अडवले गेले. १९०८ च्या अखेरीस एडिसनच्या पुढाकाराने पेटंटधारक कंपन्यांचा संघ स्थापन झाला. पाथेला त्यात स्थान मिळाले खरे, पण तेथे स्वतःचे स्वतंत्र वितरणजाळे उभारण्याचा तिचा बेत बाजूला पडला. फ्रेंच चित्रपट अमेरिकी प्रेक्षकाच्या, मुख्यतः स्त्रिया आणि मुलांच्या, अभिरुचीला घातक आहेत, असा प्रचारही तिथल्या व्यावसायिक नियतकालिकांतून होऊ लागला होता. म्हणजे महायुद्धाच्या पाच-सहा वर्षे आधीच अमेरिकेतील तिचे स्थान डळमळू लागले होते.

कच्च्या, म्हणजे चित्रण न झालेल्या कोऱ्या, फिल्मची बाजूही ध्यानात घ्यावी. ती पुरवणारी अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमनची कंपनी (कोडॅक) सर्वांत प्रबळ होती आणि पाथे तिची बडी ग्राहक. फेब्रुवारी १९०९ मध्ये युरोपीय निर्मात्यांची परिषद पॅरिस येथे भरली, फ्रेंच निर्माते-दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस अध्यक्षस्थानी होते आणि ईस्टमन स्वतः हजर होता. सर्वांनी मिळून दर आणि अटी ठरवाव्यात, असा तिचा हेतू होता. पाथे त्या व्यवस्थेतून बाहेर पडली आणि तिने स्वतःची कच्ची फिल्म बनवण्याचा मार्ग धरला. ते धाडस यशस्वी झाले. पण एकजुटीची ती संधी गेल्यावर युरोपातील लहान निर्मात्यांना वाली उरला नाही. मेलिएसने १९११ मध्ये पाथेकडूनच पैसे घेतले, त्यासाठी आपला स्टुडिओ आणि घर तारण ठेवले, आणि त्या व्यवहारातून तो पुन्हा उभा राहू शकला नाही.

युद्धाने काय केले ते आता थोडक्यात सांगता येईल. कामगार आघाडीवर गेले, कारखाने लष्करी कामाला लागले, निर्यात तुटली. अमेरिकेतील शाखा मात्र चालू होती, आणि १९१४ ची पर्ल व्हाइटची ‘द पेरिल्स ऑफ पॉलीन’ ही गाजलेली मालिका तिनेच पडद्यावर आणली. पण त्या शाखेचे चित्रपट अमेरिकेत, अमेरिकी कलावंतांना घेऊन बनत होते. हा हिशेब शार्ल पाथेला पुरता कळला होता असे मला वाटते, कारण युद्ध संपताच त्याने साम्राज्य सावरण्याऐवजी ते भाग पाडून विकायला काढले. ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय वेगळा झाला आणि पुढे १९२८ मध्ये कोलंबिया कंपनीकडे गेला. अमेरिकी शाखा १९२१ मध्ये मेरिल लिंच या अमेरिकी गुंतवणूक पेढीच्या गटाने घेतली. काही वर्षांनी तिची सूत्रे जोसेफ केनेडी यांच्या, म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांच्या वडिलांच्या, हाती आली, आणि १९३१ मध्ये ती आरकेओ या अमेरिकी चित्रपट कंपनीत विलीन झाली. व्हँसेनचा कच्च्या फिल्मचा कारखाना १९२७ मध्ये कोडॅकबरोबरच्या भागीदारीत गेला. ज्या ईस्टमनशी टक्कर घेण्यासाठी तो उभारला होता, त्याच्याच कंपनीकडे.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: मूळ एक, पण १९२० च्या दशकानंतर अनेक. विकत घेणाऱ्यांनी नाव आणि कोंबडा दोन्ही ठेवले. ब्रिटिश पाथेची वृत्तचित्रे १९१० मध्ये फ्रेंच कंपनीची ब्रिटनमधील शाखा म्हणून सुरू झाली, नंतर ती संस्था ब्रिटिश मालकांकडे गेली आणि वृत्तचित्रांची निर्मिती १९७० मध्ये थांबली. २०१४ मध्ये यूट्यूबवर सुमारे ८५ हजार चित्रफिती आल्या, त्या या ब्रिटिश संग्रहाच्या. आजच्या फ्रेंच कंपनीच्या नव्हेत.

वसंत (मुलुंड)

मेधाताईंचे विवेचन पटले. फक्त शार्ल पाथेने कंपनी विकून टाकली येथे गोष्ट थांबवू नये. त्यानंतरचे दशक बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकले जाते आणि त्यात एका माणसावर फार मोठा अन्याय होतो.

१९२९ मध्ये कंपनीची सूत्रे बर्नार नातान यांच्याकडे आली. रुमानियातील याश शहरात जन्मलेले हे ज्यू गृहस्थ तरुणपणी फ्रान्समध्ये आले, पहिल्या महायुद्धात फ्रान्सकडून स्वेच्छेने लढले आणि त्यांना युद्धपदकही मिळाले. मोंमार्त्रमधील फ्रांकर रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता. शार्ल पाथेने रिकामी करीत आणलेली कंपनी त्यांनी पुन्हा निर्मितीकडे वळवली, बोलपट आणले, चित्रपटगृहांची साखळी वाढवली. रेमों बर्नार दिग्दर्शित १९३२ चा ‘ले क्रुआ द ब्वा’ आणि १९३४ चा ‘ले मिझेराब्ल’ हे त्यांच्याच काळातले. रुंद पडद्यासाठी ऑन्री क्रेतियँ या शास्त्रज्ञाने शोधलेल्या भिंगाच्या प्रयोगांनाही त्यांनी पाठबळ दिले होते. तेच भिंग १९५३ मध्ये सिनेमास्कोप म्हणून जगापुढे आले.

मंदीच्या काळात कर्जाचा बोजा वाढला आणि १९३६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. १९३८ च्या अखेरीस नातान यांना फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांच्या आर्थिक व्यवहारांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु त्या काळच्या वृत्तपत्रांनी त्यांच्या ज्यू असण्यावरून जी विषारी मोहीम चालवली, तिच्याविषयी दुमत नाही. शिक्षा झाली, नागरिकत्व काढून घेतले गेले, आणि सप्टेंबर १९४२ मध्ये तुरुंगातून बाहेर येताच त्यांना पॅरिसजवळच्या द्रांसीच्या छावणीत व तेथून ऑश्वित्झला पाठवण्यात आले. तेथून ते परतले नाहीत. त्याच फ्रांकर रस्त्यावरच्या जागेत आज फ्रान्सची राष्ट्रीय चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे. व्याख्यानात वेळ कितीही थोडा असला, तरी हे नाव घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

दिवाळखोरीनंतरही नाव चालू राहिले, हे विशेष. १९४५ मध्ये प्रदर्शित झालेला मार्सेल कार्ने यांचा ‘ले झांफां द्यु पारादी’ हा पाथेचाच. जर्मन अंमलाखाली बनलेल्या या चित्रपटात नेपथ्यकार अलेक्सांद्र त्रोनेर आणि संगीतकार जोझेफ कोस्मा या दोन ज्यू कलावंतांनी लपूनछपून काम केले.

अनघा (गिरगाव)

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. दोन गोष्टी राहिल्या. मुंबईच्या संदर्भात यातील काय सांगावे? आणि आजची फ्रेंच कंपनी कोणाची आहे? गोमाँ ही दुसरी जुनी कंपनी तिच्यात विलीन झाली, असे काही ठिकाणी म्हटले आहे.

श्रीधर (परळ)

मुंबईविषयी आधी. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएरच्या माणसाने खेळ केला, हे सर्वांना ठाऊक असते, आणि त्यामुळे पुढची पंधरा वर्षेही ल्युमिएरचीच होती, असा समज होतो. प्रत्यक्षात त्यानंतर मैदानांवर तंबू ठोकून जे खेळ झाले, ते विकत घेतलेल्या प्रतींच्या जोरावर. अब्दुल्लाली इसूफअली यांचे उदाहरण अवश्य घ्यावे. १९०१ पासून त्यांनी सिंगापूर, जावा, ब्रह्मदेश, सिलोन येथे आणि १९०८ नंतर भारतभर आपला तंबू फिरवला. १९१४ मध्ये ते मुंबईच्या अलेक्झांड्रा थिएटरच्या व्यवसायात आले आणि येथे स्थिरावले. प्रती विकत घेण्याची पद्धत आणि फिरता तंबू, तसेच भाड्याची पद्धत आणि स्थिर थिएटर, या दोन जोड्यांचा परस्परसंबंध त्यांच्या एका आयुष्यात स्पष्ट दिसतो. पाथेने भारतात कार्यालय उघडले ते १९०७ हे वर्ष आणि कंपनीने भाड्याची पद्धत आणली ते वर्ष एकच आहे, हेही श्रोत्यांच्या नजरेस आणावे. कलकत्त्यात पाथेचे चित्रपट जमशेटजी मदन यांच्यामार्फत येत, आणि मदन यांची पुढची प्रचंड थिएटरसाखळी याच तऱ्हेच्या वितरणावर उभी राहिली.

एक सावधगिरी. फाळक्यांना प्रेरणा देणारा ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाथेचा होता, असे विधान करण्याचा मोह होईल. पाथेने १९०२ ते १९०५ या काळात तसा चित्रपट काढला आणि रंगवला होता हे खरे, पण गोमाँनेही १९०६ मध्ये त्याच विषयावर मोठा चित्रपट काढला होता, आणि तो आलिस गी या जगातील पहिल्या स्त्री दिग्दर्शकाचा होता. दोन्हींचा उल्लेख करून पुढे जावे. फाळक्यांनी स्वतःचा कॅमेरा १९१२ मध्ये लंडनहून आणला, तो विल्यमसन बनावटीचा होता. त्याचा पाथेशी संबंध जोडू नये.

१९२७–२८ मध्ये रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटविषयक चौकशी समिती नेमली गेली, तोवर येथे दाखवले जाणारे बहुतांश चित्रपट अमेरिकी झाले होते. मेधाताईंनी मांडलेला घरच्या बाजारपेठेचा हिशेब मुंबईच्या पडद्यावर असा पोहोचला. ब्रिटिश साम्राज्यातील चित्रपटांना येथे सवलत मिळावी, हा ही समिती नेमण्यामागचा एक हेतू होता, पण तिच्यातील भारतीय सदस्यांनी देशी निर्मितीला साहाय्य देण्याची बाजू घेतली. तो अहवाल मुळातून वाचावा. साक्षींचे खंड तर फारच वाचनीय आहेत.

मेधा (विलेपार्ले)

गोमाँविषयी: ती कंपनी ऑगस्ट १८९५ ची, म्हणजे पाथेहून वर्षभराने जुनी, आणि ती आजही स्वतंत्र आहे. गोंधळाचे कारण असे की १९७५ मध्ये गोमाँ निकोला सेदू यांच्या हाती आली, आणि १९९० मध्ये त्यांचे बंधू जेरोम सेदू यांच्या उद्योगसमूहाने पाथे विकत घेतली. दोन भाऊ, दोन प्रतिस्पर्धी कंपन्या. २००१ मध्ये दोघांनी केवळ चित्रपटगृहे एकत्र केली, त्यांत पाथेचा वाटा ६६ टक्के आणि गोमाँचा ३४ टक्के होता. २०१७ मध्ये गोमाँने आपला हिस्सा पाथेला विकून टाकला आणि निर्मितीवर लक्ष केंद्रित केले. जुन्या वृत्तचित्रांचा संग्रह मात्र दोघींच्या नावाने संयुक्तपणे चालतो, त्यामुळे विलीनीकरणाचा समज पसरला असावा.

जेरोम सेदू–पाथे प्रतिष्ठान २००६ मध्ये स्थापन झाले आणि २०१४ पासून ते पॅरिसमध्ये रेंझो पियानो यांनी रचलेल्या इमारतीत आहे. कंपनीची जुनी यंत्रे, भित्तिपत्रके आणि कागदपत्रे तेथे जतन केली आहेत, आणि मूकपट पियानोच्या साथीने नियमित दाखवले जातात. तिथल्या पाथेच्या मूकपटांच्या सूचीत चित्रपटाचे कथासार, लांबी आणि वर्ष अशी माहिती मिळते. त्या काळच्या मुंबईतील वृत्तपत्रांत खेळांच्या जाहिराती येत, त्यांतील इंग्रजी शीर्षके या सूचीशी ताडून पाहिली, तर आपल्या शहरात पाथेचे नेमके कोणते चित्रपट कधी दाखवले गेले, याची यादी तयार होऊ शकेल. अनघाताई, तुम्ही हे काम हाती घेणार असाल, तर १९०७ ते १९१३ या वर्षांच्या जाहिराती वाचायला मी येईन.